मन्नारच्या आखातातील एकवीस बेटे

श्रोतेहो, आपल्या देवघरात शंख असला तर आज तो जरा वेगळ्या नजरेने हातात घेऊन पाहा. हा दगड नव्हे, की कोणा कारागिराने कोरलेली वस्तूही नव्हे. एका मऊ अंगाच्या गोगलगाईसारख्या प्राण्याचे ते घर आहे. समुद्राच्या तळाशी वाळूत तो प्राणी वाढला आणि वाढता वाढता त्याने स्वतःभोवती चुन्याचा हा वाडा बांधला. हा शंख आला कोठून? आपल्या देशात अशा शंखांची जी दोनचार जुनी ठिकाणे आहेत, त्यांत तमिळनाडूच्या दक्षिण टोकाजवळचे मन्नारचे आखात फार प्रसिद्ध आहे. बंगालमधील सौभाग्यवती स्त्रिया हातात ज्या पांढऱ्या बांगड्या घालतात, त्यांसाठीही येथील शंख शतकानुशतके कलकत्त्याकडे जात आले. मोत्यांसाठी तर हे आखात दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक दर्यावर्दींनाही ठाऊक होते. मोती काढण्याचा शेवटचा मोठा हंगाम येथे १९६१ साली झाला. पुढे १९७३ साली आपल्या शास्त्रज्ञांनी याच किनाऱ्यावर, तूतुक्कुडी म्हणजे तुतिकोरिनला, शिंपल्यात मोती पिकवून दाखवला. पण आज मी शंख-मोत्यांविषयी बोलणार नाही. हे सारे ज्याच्या आधाराने जगते, त्या पोवळ्यांच्या बेटांविषयी थोडे सांगायचे आहे.

काशी-रामेश्वर ज्यांनी केले आहे, त्यांनी ही जागा पाहिलेली आहे, फक्त ती ओळखलेली नसेल. मंडपम् सोडून गाडी पांबनच्या पुलावर चढली, की दोन्ही बाजूंना समुद्र दिसतो. उत्तरेकडचा समुद्र म्हणजे पाल्कचा उपसागर आणि दक्षिणेकडचा म्हणजे मन्नारचे आखात. दक्षिणेला पाहिले तर हिरव्या झुडपांचा एक ठिपका पाण्यात तरंगताना दिसतो. ते कुरुसडै बेट. तेथून तुतिकोरिनपर्यंत, किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर, अशा एकवीस बेटांची माळ आहे. माणसांची वस्ती कोणत्याच बेटावर नाही. १९८६ साली ही बेटे आणि त्यांच्याभोवतालचे उथळ पाणी मिळून सुमारे ५६० चौरस किलोमीटरचा भाग सागरी राष्ट्रीय उद्यान म्हणून राखून ठेवण्यात आला.

उद्यान म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे फुलझाडे आणि कारंजी येतात. येथे तसे काही नाही. येथला बगीचा पाण्याखाली आहे आणि त्यातली जी ‘झाडे’ आहेत, ती झाडे नसून प्राणी आहेत.

पोवळे म्हणजे काय, हे आधी नीट समजून घेऊ. अंगठीत घालतात ते लाल पोवळे वेगळे, ते दूरच्या खोल समुद्रातून येते. आपण बोलतो आहोत ते उथळ पाण्यात बेटे बांधणारे पोवळे, म्हणजे प्रवाळ. ज्वारीच्या दाण्याएवढा, कधी त्याहूनही लहान असा एक प्राणी असतो. त्याला एक तोंड आणि तोंडाभोवती बारीक बारीक हात. तो एका जागी चिकटून बसतो आणि समुद्राच्या पाण्यात विरघळलेला चुना घेऊन बुडाखाली घट्ट बैठक तयार करतो. शेजारी दुसरा, त्याच्या शेजारी तिसरा, असे लाखो प्राणी एकमेकांना लागून बसतात. जुने मरतात, त्यांच्या बैठकीवर नवे बसतात. अशी ही वसाहत वाढत जाते. कोठे हरणाच्या शिंगासारखी, कोठे पानासारखी, कोठे मोठ्या धोंड्यासारखी. मन्नारच्या आखातात पोवळ्यांच्या शंभराहून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत. वाढीचा वेग मात्र ऐकून ठेवण्याजोगा आहे. शिंगांसारख्या जाती वर्षाला काही बोटे वाढतात, पण धोंड्यासारख्या जाती वर्षाला जेमतेम एक सेंटिमीटर. म्हणजे बैलगाडीच्या चाकाएवढा पोवळ्याचा धोंडा पाहिला, तर तो आपल्या आजोबांच्याही आधीचा असू शकतो.

असं बघा, या प्राण्याने अन्न कोठून आणावे? हात पसरून तो बारीक जीव पकडतो, पण तेवढ्याने भागत नाही. त्याच्या अंगातच एक सूक्ष्म शेवाळ बिऱ्हाड करून राहते. उन्हाच्या जोरावर ते शेवाळ अन्न तयार करते आणि भाडे म्हणून त्यातला मोठा वाटा घरमालकाला देते. पोवळ्याचा रंगही बराचसा या भाडेकरूचाच. म्हणून पोवळ्याला ऊन लागते, स्वच्छ पाणी लागते, कोमट पाणी लागते. पाणी गढूळ झाले तर भाडेकरू उपाशी राहतो, आणि त्याच्यामागोमाग मालकही.

आता बेटे कशी झाली ते पाहू. पोवळ्यांची भिंत समुद्रात उभी राहिली की लाटा तिच्यावर आपटतात. काही तुकडे मोडतात, त्यांची वाळू होते, आणि ती भिंतीच्या आडोशाला साठत जाते. पक्षी आणि वारा बी आणतात, झुडपे उगवतात, मुळे वाळू धरून ठेवतात. झाले बेट! पाण्यावर त्याची उंची ती काय, थोडी हातभर. त्याला राखणारी एकच गोष्ट म्हणजे समोरची भिंत. लाटेचा जोर भिंत झेलते, आणि बेटापर्यंत पोचते ते मवाळ पाणी. आपल्या शेताचा बांध जसा माती धरतो, तसा हा समुद्रातला बांध वाळू धरतो. आणि केवळ बेटाचीच नव्हे, मागच्या किनाऱ्यावरील गावांचीही तो राखण करतो.

शाळेतील गुरुजींना आणि बाईंना हे मुलांपुढे सहज मांडता येईल. एका मोठ्या परातीत एका कडेला ओल्या वाळूचा ढीग करा, पाणी ओता आणि दुसऱ्या कडेने पाटीने लाटा उठवा. वाळू किती वेळात खचते ते मुलांना मोजू द्या. मग वाळूच्या पुढे दगडगोट्यांची एक रांग लावा आणि पुन्हा त्याच जोराने लाटा उठवा. पुढे काय होते हे सांगावे लागणार नाही, मुलेच सांगतील. दुसरा प्रयोग चुन्याचा. अंड्याच्या टरफलावर किंवा शिंपल्याच्या तुकड्यावर लिंबाचा रस पिळा. बुडबुडे येतील. पोवळ्याचे घर याच जातीच्या चुन्याचे असते, आणि आंबट पाण्याशी त्याचे पटत नाही. हा प्रयोग ध्यानात ठेवा, पुढे त्याचे काम आहे.

तर अशी ही भिंत. आणि ती माणसाने पहारीने फोडली.

यात नवल नाही. पोवळ्याचा दगड म्हणजे निव्वळ चुना. आपल्याकडे कोकणात शिंपल्यांचा चुना भाजत, तसा तिकडे पोवळ्याचा. घराच्या पायाला हा दगड, भिंतीला हा दगड, गिलाव्याला त्याचाच चुना, आणि पुढे कारखान्यांनाही तोच. किनाऱ्यावर दगड स्वस्तात दुसरा मिळत नव्हता. पहार घेऊन होडीतून जायचे, ओहोटीला भिंत फोडायची, होडी भरून आणायची. करणारे बहुतेक गरीब मच्छीमार. मासळी कमी मिळाली त्या दिवशी दगडाने चूल पेटे. पैसा कोणी केला म्हणाल, तर तो भट्टीवाल्यांनी आणि व्यापाऱ्यांनी. वर्षानुवर्षे हजारो टन पोवळे असे उचलले गेले. उद्यान जाहीर झाल्यावरही हे चोरून चालूच राहिले, कारण समुद्राला कुंपण घालता येत नाही आणि पोटाला कायदा कळत नाही. २००१ साली बेटे बांधणाऱ्या पोवळ्यांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंक्तीला, बसवले गेले. २००५ च्या सुमारास दगडफोड बहुतेक थांबली.

तोवर एकवीसपैकी दोन बेटे गेली होती. एक पूवरसनपट्टी आणि दुसरे विलंगुशल्ली. पूवरसु म्हणजे कोकण किनाऱ्यावर ज्याला भेंडीचे झाड म्हणतात ते, भाजीची भेंडी नव्हे. त्या झाडाचे नाव मिरवणारे बेट आज पाण्याखाली आहे. समोरची भिंत काढली, लाटा थेट आत आल्या आणि वाळू घेऊन गेल्या. आपण परातीत पाहिले तेच.

तिसरे बेट त्याच वाटेवर होते. तुतिकोरिनजवळचे वान बेट पूर्वी पंधरा-वीस हेक्टरांचे होते, ते झिजत झिजत २०१५ पर्यंत जेमतेम दीड-दोन हेक्टरांवर आले. मोठे शेत समजा आणि त्याचा शेवटी एक वाफा उरला असे समजा. मग शास्त्रज्ञ आणि इंजिनियर मंडळींनी मिळून एक उपाय केला. काँक्रीटचे भोके पाडलेले मोठे ठोकळे, खाली रुंद आणि वर निमुळते, असे हजारोंच्या संख्येने बेटासमोर समुद्रात ओळीने उभे केले. लाटेचा जोर कमी व्हावा, आणि मासे व पोवळी यांना बसायला जागा मिळावी, असा दुहेरी हेतू. बेटाची झीज थांबली, थोडी वाळू परतही आली, ठोकळ्यांच्या भोकांतून मासे फिरू लागले. ही आनंदाची गोष्ट खरी. पण माझ्या मते हिशेबही मांडून पाहावा. फुकटात उभी असलेली आणि दरवर्षी आपोआप वाढणारी भिंत आपण चुन्याच्या भावाने विकली, आणि आता न वाढणारी भिंत सिमेंटच्या भावाने विकत घेतली.

बेटांच्या आणि किनाऱ्याच्या मधल्या शांत पाण्यात दुसरे एक धन आहे, आणि ते म्हणजे गवत. खरेखुरे गवत, मुळे असणारे, बारीक फुले येणारे, फक्त पाण्याखाली वाढणारे. पोवळ्याची भिंत लाटा अडवते म्हणून हे गवत टिकते, आणि गवत गाळ धरून ठेवते म्हणून पाणी नितळ राहून पोवळे टिकते. या कुरणात कोळंबी वाढते, मासळीची पिल्ले वाढतात, समुद्री कासवे येतात. आणि येथे चरायला येते ती समुद्रगाय. तमिळमध्ये तिला ‘कडल पसु’ म्हणतात. कडल म्हणजे समुद्र आणि पसु म्हणजे गाय, अर्थ अगदी आपलाच. नऊ-दहा फूट लांब, तीन-चारशे किलो वजनाचा हा प्राणी नात्याने हत्तीच्या जवळचा. दिवसाला तीस-चाळीस किलो गवत तो खातो. दर काही मिनिटांनी श्वासासाठी त्याला वर यावे लागते, म्हणून जाळ्यात सापडला की गुदमरून मरतो. मादीला एका वेळी एकच वासरू होते, आणि दोन वासरांत तीन ते सात वर्षांचे अंतर. अशा प्राण्याची संख्या एकदा घटली की भरून येणे किती कठीण, हे गोठा राखणाऱ्या माणसाला सांगायला नको. भारताच्या सगळ्या समुद्रांत मिळून आता त्या दोन-अडीचशेच्या घरात असाव्यात असा अंदाज आहे.

त्यांच्यासाठी तमिळनाडू सरकारने सप्टेंबर २०२२ मध्ये पाल्कच्या उपसागरात ४४८ चौरस किलोमीटरचे राखीव क्षेत्र जाहीर केले. हे क्षेत्र तंजावर आणि पुदुक्कोट्टै जिल्ह्यांच्या किनाऱ्याला लागून आहे. तंजावर म्हटल्यावर मराठी माणसाचे कान टवकारणारच! त्याच किनाऱ्यावर सरफोजीराजे भोसले यांनी १८१४-१५ च्या सुमारास बांधलेला आठ मजली बुरूज आजही उभा आहे. तमिळ लोक त्याला ‘मनोरा’च म्हणतात. ज्या पाण्याकडे तोंड करून तो उभा आहे, त्याच पाण्यात समुद्रगाई चरतात.

दगडफोड थांबली, म्हणून संकट संपले असे मात्र नाही. आता संकट पाण्याच्या उष्णतेचे आहे. उन्हाळ्यात पाणी नेहमीपेक्षा एक-दोन अंशांनी अधिक तापले आणि काही आठवडे तसेच राहिले, तर पोवळ्याच्या अंगातले ते भाडेकरू शेवाळ बाहेर पडते. रंग जातो, खालचा पांढरा चुना दिसू लागतो. पोवळे त्या क्षणी मेलेले नसते, पण उपाशी असते. पाणी लवकर निवले तर भाडेकरू परत येतात, नाही तर सारे संपते. १९९८, २०१० आणि २०१६ साली येथे असे घडले. २०१६ च्या उन्हाळ्यात तर येथील समुद्रतळावरील जिवंत पोवळ्यांचे प्रमाण सुमारे एकोणचाळीस टक्क्यांवरून तेवीस टक्क्यांवर आले. कोणी पहार मारली नाही, कोणी होडी भरली नाही, तरी एका उन्हाळ्यात एवढे गेले. २०२४ सालीही जगभरच्या उष्ण समुद्रांत पोवळी अशीच पांढरी पडली. त्याच्या जोडीला हवेत वाढलेला कार्बन डायॉक्साईड. त्याचा मोठा भाग समुद्र पिऊन टाकतो, त्यामुळे पाण्याचा अल्कधर्म हळूहळू घटत चालला आहे. पाणी लिंबासारखे आंबट झालेले नाही, आणि लगेच होणारही नाही. पण पोवळ्याला चुन्याचे बांधकाम करणे थोडे थोडे जड होत जाते. लिंबाचा प्रयोग सांगितला तो याचसाठी.

आणखी एक पाहुणे आले आहे. मूळ फिलिपिन्सकडचे एक जाडजूड शेवाळ उद्योगासाठी या किनाऱ्यावर लावण्यात आले. ते बांबूच्या तराफ्यांवर लावले जाते आणि मच्छीमार घरांना त्यातून चार पैसेही मिळतात. पण २००८ च्या सुमारास ते कुरुसडै बेटाच्या पोवळ्यांवर पसरलेले आढळले. एकदा वर चढले की ते पोवळ्याला गोधडीसारखे झाकून टाकते, ऊन बंद होते. गाजरगवताने आपल्या पडीक रानांचे काय केले हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना ही गोष्ट वेगळी फोड करून सांगायला नको. वनखाते आणि शास्त्रज्ञ ते हाताने उपटून काढतात. पण बारीकसा तुकडा राहिला तरी पुन्हा वाढते.

आता प्रश्न माणसांचा, आणि माझ्या मते हाच सगळ्यांत अवघड. पांबनजवळचे चिन्नपालम्, मंडपम्‌जवळचे भारतीनगर, अशा गावांतल्या बाया पिढ्यान्‌पिढ्या बेटांभोवतालचे शेवाळ काढून विकत आल्या आहेत. हे शेवाळ आईस्क्रीम दाट करायला, औषधांना, प्रयोगशाळांना लागते. पहाटे होडीतून जायचे, डोळ्यांना चष्मा, बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या, कमरेला जाळीची पिशवी, आणि दम रोखून बुडी मारायची. पुन्हा वर, पुन्हा खाली, असे चार-पाच तास. त्यातल्या एका बारीक, महाग जातीला त्या ‘मरिकोळुंदु’ म्हणतात. मरिकोळुंदु म्हणजे आपला दवणा! समुद्रातल्या तुऱ्याला देवाला वाहायच्या सुगंधी झाडाचे नाव देणाऱ्या या बाया, उद्यानाचा कायदा कडक झाला तेव्हा, एका दिवसात चोर ठरल्या. होड्या अडवल्या गेल्या, दंड झाले, माल जप्त झाला.

त्यांनी मग एक गोष्ट केली. आपसांत बसून नियम ठरवले. महिन्यात बाराच दिवस समुद्रात जायचे, बाकीचे दिवस शेवाळ वाढू द्यायचे. खरवडायला लोखंडी हत्यार वापरायचे नाही, हातानेच खुडायचे, म्हणजे पोवळे मोडणार नाही आणि मूळ राहील. उन्हाळ्यात माशांच्या विणीच्या दिवसांत पंचेचाळीस दिवस पूर्ण बंद. गावच्या गायरानात चराईचे नियम असतात, तसेच हे. त्यांच्यातल्या पुढारी, चिन्नपालमच्या लक्ष्मी मूर्ती, यांना २०१५ साली बेटांच्या रक्षणासाठी दिला जाणारा ‘सीकॉलॉजी’ हा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुरस्कार मिळाला तरी राष्ट्रीय उद्यानाच्या कायद्यात बायांच्या या नियमांना स्थान नाही. बेटांकडे जायला त्यांना मनाई ती मनाईच. कायदा करणाऱ्यांचीही बाजू आहे. एकाला मोकळीक दिली तर तिच्या आडून दहाजण शिरतील, हे त्यांचे म्हणणे निव्वळ हट्टाचे नाही. तरीही मला असे वाटते, की ज्यांना समुद्राचा तळ घरच्या अंगणासारखा माहीत आहे, त्यांना बाहेर ठेवून राखण करणारा पहारेकरी आपले डोळेच काढून ठेवतो. बेटे एकवीस, आखात शे-दीडशे किलोमीटर लांब. वनखात्याच्या होड्या त्यामानाने किती असणार?

समुद्री काकडी नावाच्या प्राण्याचेही असेच. काकडीसारखा दिसणारा हा जीव तळाची वाळू गिळतो, तिच्यातला कुजका अंश खातो आणि स्वच्छ वाळू मागे टाकतो. शेतात गांडूळ, तसा हा समुद्रात. परदेशात त्याला मोठी किंमत येते. २००१ पासून तो पकडण्यास पूर्ण बंदी आहे. बंदी झाली, आणि धंदा रात्रीचा झाला. आजही चोरटा माल पकडल्याच्या बातम्या त्या किनाऱ्यावरून येत असतात.

आपल्या मालवणलाही हे प्रश्न परके नाहीत. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतालच्या पाण्यात पोवळी आहेत, आणि १९८७ साली तेथे सुमारे २९ चौरस किलोमीटरचे सागरी अभयारण्य जाहीर झाले. तेथेही रापण ओढणाऱ्या मच्छीमारांनी विचारले, की आमच्या पोटाचे काय? तेथेही पाण्याखालचे जग बघायला आलेले हौशी लोक पोवळ्यावर पाय देऊन उभे राहतात, आणि एका पायाखाली दहा वर्षांची वाढ मोडते.

रामेश्वरला जाणाऱ्यांसाठी एक सूचना. तेथे किंवा वाटेत कोणी पांढऱ्या फांदीसारखे पोवळे विकायला आणले, तर ते घेऊ नका. कायद्याने ते जवळ बाळगणेही गुन्हा आहे, आणि तुळशीवृंदावनापाशी ठेवल्याने त्याचे पुण्य काही लागत नाही. मुलांबरोबर पुलावरून जाताना दक्षिणेची खिडकी धरा. उन्हाळ्याच्या सुटीत गेलात, तर पांबन आणि मंडपम्‌च्या बंदरांत एक देखावा हमखास दिसेल. १५ एप्रिलपासून १४ जूनपर्यंत पूर्व किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते. ट्रॉलर एकमेकांना खेटून नांगरलेले असतात, त्यांच्या तळांना रंग लावणे चाललेले असते, आणि धक्क्यावर बसून माणसे जाळी विणत असतात.